जीपी पाठ करायची नसते, एक घर सरकवायची असते

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत लिहितो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. मुलगा गुहागरकडच्या मराठी शाळेतून दहावी झाला, गणितात मार्क चांगले, अंकगणिती श्रेढी म्हणजे एपी अगदी सोपी जायची. आता अकरावी सायन्सला गुणोत्तर श्रेढी म्हणजे जीपी आली आणि गाडी अडली. शाब्दिक गणितात एपी लावायची की जीपी ते समजत नाही, घात एन घ्यायचा की एन वजा १ यात दरवेळी गडबड होते, आणि न संपणाऱ्या ओळीची बेरीज होते हेच त्याला मुळात पटत नाही. सूत्रं मात्र सगळी पाठ आहेत. आणि तुम्ही विचारलंय की यासाठी चिपळूणला क्लास लावू का.

एवढ्यासाठी क्लास लावू नका. रोज एसटीचे धक्के खाऊन जे शिकेल ते घरी पडवीत बसून आठवडाभरात होईल, फक्त ती सूत्रांची वही थोडे दिवस कपाटात ठेवायला सांगा. मी बरीच वर्षं सिंधुदुर्गात अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतोय आणि पोरांचं जीपीत जे अडतं ते बहुतेक एकाच जागी अडतं, ती म्हणजे ओळीला सामान्य गुणोत्तराने, म्हणजे प्रत्येक पद आधीच्या पदाच्या जितके पट असतं त्या आकड्याने, आपण त्याला आर म्हणू, गुणल्यावर काय होतं हे कोणी बघितलेलंच नसतं. ३, ६, १२, २४, ४८ ही ओळ घ्या आणि सगळ्यांना २ ने गुणा. ६, १२, २४, ४८, ९६ आलं. म्हणजे तीच ओळ, एक घर पुढे सरकलेली, मागचा ३ गळला आणि पुढे ९६ आला. एवढंच आहे हो सगळं. पदाचं सूत्र, बेरजेचं सूत्र, अनंत बेरीज, आरडीचा हिशोब, सगळं ह्या सरकण्यातून निघतं. आता एकेक घेतो.

आधी एपी की जीपी. मी फळ्यावर ३, ६ एवढंच लिहितो आणि विचारतो पुढे काय. निम्मी पोरं ९ म्हणतात, काही १२ म्हणतात आणि मग आपसात वाद सुरू होतो. दोन्ही बरोबर आहेत, कारण दोन आकड्यांवरून काही ठरतच नाही, तिसरा आकडा तरी पाहिजे नाहीतर वाक्यात नियम तरी सांगितलेला पाहिजे. शाब्दिक गणितात तो नियम नेहमी सांगितलेला असतो, फक्त पोरं आकडे शोधत वाचतात आणि मधले शब्द सोडून देतात. दरवेळी ठरावीक रुपये, ठरावीक मीटर, ठरावीक नग वाढले किंवा कमी झाले तर एपी. दरवेळी आहे त्याचाच ठरावीक भाग वाढला किंवा कमी झाला तर जीपी. पट, दुप्पट, निम्मं, उरलेल्याचा तिसरा हिस्सा, असले शब्द आले की जीपी समजायची. टक्के आले की मात्र जरा थांबायचं, कशाचे टक्के ते बघायचं. "मूळ रकमेच्या १० टक्के" असेल तर दरवर्षी तेवढेच रुपये वाढतात, ते सरळव्याज, म्हणजे एपी. "आदल्या वर्षीच्या रकमेच्या १० टक्के" असेल तर चक्रवाढ, म्हणजे जीपी. पेपर काढणारे नेमके ह्याच एका शब्दावर पोरांना पाडतात.

आमच्याकडे निम्म्या पोरांच्या घरी होडी आहे म्हणून मी मशीनचं उदाहरण देतो. समजा होडीला लावायचं आउटबोर्ड मशीन २,००,००० ला घेतलं आणि त्याची किंमत दरवर्षी आदल्या वर्षीच्या २० टक्क्यांनी उतरते, तर ५ वर्षांनी किंमत किती? एकतरी पोरगा हमखास म्हणतो शून्य, कारण पाच गुणिले वीस शंभर. मग मी त्याला विचारतो, तुझ्या बाबांचं पाच वर्षांचं मशीन मी फुकट घेऊन जाऊ काय? तेव्हा डोकं चालायला लागतं. २० टक्के गेले म्हणजे ८० टक्के राहिले, म्हणजे दरवर्षी ०.८ ने गुणायचं. २,००,००० चे १,६०,०००, मग १,२८,०००, मग १,०२,४००, मग ८१,९२०, आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी ६५,५३६. पहिल्या वर्षी ४०,००० उतरले, पाचव्या वर्षी फक्त १६,३८४, टक्के तेच पण उतरणारी रक्कम दरवर्षी कमी होत जाते. ही पायरी मुलाकडून हाताने करून घ्या, सूत्राने नाही.

इथे खरी सवय लावायची ती टक्क्याला गुणकात बदलायची. २० टक्के घट म्हणजे गुणिले ०.८, ५ टक्के वाढ म्हणजे गुणिले १.०५, दर वाढून दीडपट झाला म्हणजे गुणिले १.५. एकदा गुणक लिहिला की वाढ आणि घट असे दोन वेगळे प्रकार राहतच नाहीत. आणि मग २० टक्के उतरून पुन्हा २० टक्के चढलं तर मूळ किंमत येते का, या प्रश्नाचं उत्तरही लगेच दिसतं, ०.८ गुणिले १.२ म्हणजे ०.९६, म्हणजे नाही येत. ह्याच्यावर मोठी माणसंसुद्धा फसतात. कोणी महिन्याला शेकडा दोन व्याजाने पैसे देतो म्हटलं की आपण मनात बारा दुणे चोवीस करतो, पण व्याज दरमहा मुद्दलात चढत असेल तर १.०२ चा १२ वा घात १.२६८२ होतो, म्हणजे लाखाला वर्षाचे २४,००० नाही, २६,८२४ रुपये. फरक २,८२४ चा.

आता एन की एन वजा १. ह्याच्यासाठी माझ्याकडे एकच उपमा आहे आणि ती कोकणातल्या पोराला समजावून सांगावी लागत नाही. बांधावर ओळीने दहा माड लावले तर पहिल्या माडापासून दहाव्यापर्यंत अंतरं किती? नऊ. तसंच पहिल्या पदावरून दहाव्या पदाला जायला नऊ वेळा गुणायचं. म्हणून दहावं पद म्हणजे पहिलं पद गुणिले आर चा ९ वा घात, आणि एनवं पद म्हणजे ए गुणिले आर चा (एन − १) वा घात. झालं. पण शाब्दिक गणितात अडचण वेगळीच असते. "पाचव्या दिवशी किती" आणि "पाच दिवसांनी किती" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या दिवशीचा आकडा दिलाय आणि पाचव्या दिवशीचा विचारलाय तर ४ वेळा गुणायचं. आजची किंमत दिलीय आणि पाच वर्षांनंतरची विचारलीय तर ५ वेळा, कारण आजची किंमत हे पहिलं पद आणि पाच वर्षांनंतरची सहावं. वरच्या मशीनच्या गणितात बघा, ६५,५३६ हे सहावं पद आहे. म्हणून मी पोरांना सांगतो की एन किती ते विचारूच नका, किती वेळा गुणलं ते बोटावर मोजा आणि तोच घात लिहा. मार्क कापायला कोणी येत नाही.

बेरजेकडे जाऊ, हा भाग जरा नीट वाचा कारण सगळी गंमत इथे आहे. ३, ६, १२, २४, ४८ ची बेरीज हवीय. सूत्र विसरा. वहीत एका ओळीत लिहा ३ + ६ + १२ + २४ + ४८, ह्या बेरजेला बेरीजच म्हणू. तिच्या खाली, पण एक घर उजवीकडे सरकवून, दुप्पट केलेली ओळ लिहा, म्हणजे वरच्या ६ खाली ६, १२ खाली १२, २४ खाली २४, ४८ खाली ४८ आणि शेवटी एकटा ९६. खालची ओळ म्हणजे दोन बेरजा. आता खालच्यातून वरची वजा करा. मधलं सगळं एकमेकांत कटतं, उरतं काय तर खालचा शेवटचा ९६ आणि वरचा पहिला ३. म्हणजे दोन बेरजा वजा एक बेरीज बरोबर ९६ − ३, म्हणजे ९३. बेरीज करून बघा, ९३ च येते.

हे मुलाने स्वतःच्या हाताने, घरं एकाखाली एक लावून, निदान तीन वेगवेगळ्या ओळींवर केलं पाहिजे, डोळ्यांनी वाचून उपयोग नाही. आर ३ असेल तर तीन बेरजा वजा एक बेरीज म्हणजे दोन बेरजा, म्हणून शेवटी २ ने भागायचं. ५, १५, ४५, १३५, ४०५ घ्या, पुढचं पद आलं असतं १२१५, त्यातून पहिलं ५ काढा, १२१०, भागिले २, ६०५. मी पोरांना बेरीज अशीच शिकवतो: न आलेलं पुढचं पद वजा पहिलं पद, भागिले आर वजा १. पुस्तकातलं सूत्र, ए गुणिले (आर चा एन वा घात − १) भागिले (आर − १), हे तेच आहे, कारण ए गुणिले आर चा एन वा घात म्हणजेच ते न आलेलं पुढचं पद. पण अशा भाषेत सांगितलं की कोणी विसरत नाही आणि इथे घात एन का आणि पदाच्या सूत्रात एन वजा १ का, हाही घोळ मिटतो, बेरजेत आपण एक घर पुढे गेलेलो असतो म्हणून.

ऋण गुणोत्तर आलं की पोरं घाबरतात, काही कारण नाही. ३, −६, १२, −२४, ४८. पुढचं पद −९६. −९६ − ३ म्हणजे −९९, भागिले (−२ − १) म्हणजे −३, उत्तर ३३. आर १ पेक्षा लहान असेल तर वर-खाली दोन्हीकडे वजा येतं आणि जातं, त्यासाठी पुस्तकात दुसरं सूत्र छापतात पण ते वेगळं पाठ करायची गरज नाही. आर १ असेल तर सगळी पदं सारखीच, नुसता गुणाकार करा, तिथे हे सूत्र लावलं तर शून्याने भागायची वेळ येते.

आरडी किंवा दरवर्षी ठेवायच्या पैशांचं गणित ह्याच बेरजेचं आहे आणि तिथे एक गोम आहे. समजा दर वर्षाच्या सुरुवातीला १०,००० ठेवले, १० टक्के चक्रवाढ, तीन वर्षं. पहिले ठेवलेले पैसे तीन वर्षं वाढले, १३,३१०. दुसरे दोन वर्षं, १२,१००. तिसरे एकच वर्ष, ११,०००. ओळ उलटी वाचली तर ११,०००, १२,१००, १३,३१०, म्हणजे जीपीचं पहिलं पद सगळ्यात शेवटी ठेवलेल्या पैशांचं आहे. पुढचं पद १४,६४१. १४,६४१ − ११,००० म्हणजे ३,६४१, भागिले ०.१, उत्तर ३६,४१०. मुलं इथे ए म्हणून १०,००० घेतात आणि उत्तर ३३,१०० आणतात. त्याला ११,००० का ते स्वतःला सांगता आलं पाहिजे. कर्जाच्या हप्त्याचं गणितही ह्याच जातीचं, फक्त उलट्या बाजूने, ते बारावीनंतर आलं तरी चालेल.

मोठे घात कसे काढायचे असंही तुम्ही विचारलंय, कॅल्क्युलेटर परीक्षेत मिळत नाही म्हणून. ह्याचं उत्तर भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत देऊन ठेवलंय. त्यातलं गणित असं की एक माणूस याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो, मग रोज दुप्पट, तर महिन्याभरात किती निष्क (तेव्हाचं नाणं) दिले? बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट सगळे सांगतात, मला हे गणित जास्त आवडतं कारण त्याच्याबरोबर रीतही दिलीय. तीस दिवस, म्हणजे २ चा ३० वा घात लागणार. रीत अशी: संख्या सम असेल तर निम्मी करा आणि बाजूला 'वर्ग' लिहा, विषम असेल तर १ वजा करा आणि 'गुण' लिहा, शून्य येईपर्यंत. ३० सम, वर्ग, १५. विषम, गुण, १४. वर्ग, ७. गुण, ६. वर्ग, ३. गुण, २. वर्ग, १. गुण, ०. आता १ पासून सुरू करून खालून वर चढायचं, गुण म्हणजे २ ने गुणा, वर्ग म्हणजे वर्ग करा. २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि शेवटचा वर्ग १,०७,३७,४१,८२४. तीस वेळा गुणायच्या ऐवजी आठ पायऱ्यांत काम झालं. दुप्पट केली की न आलेलं पुढचं पद, म्हणजे एकतिसाव्या दिवसाच्या कवड्या, २,१४,७४,८३,६४८. त्यातून पहिलं पद २ काढा, आर वजा १ इथे १ आहे म्हणून भागायला काही नाही, एकूण कवड्या २,१४,७४,८३,६४६. त्या वेळच्या हिशोबात २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिण्यांचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क, म्हणजे निष्काला २०,४८० कवड्या. भागलं की १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिण्या आणि वर ६ कवड्या. रविवारी हा भागाकार मुलाकडून करून घ्या, कुरकुरेल, पण सुट्ट्यांत मोबाईल बघण्यापेक्षा बरं.

आता ते पटत नसलेलं, अनंत बेरीज. हा प्रश्न पडतो ते पोरगं हुशार असतं असा माझा अनुभव आहे, ज्याला पटकन पटतं त्याने बहुतेक वेळा विचारच केलेला नसतो. वेंगुर्ल्याकडच्या एका पोराने मला भर वर्गात विचारलं होतं, "सर, जी वळ संपणाच नाय तिची बेरीज खयसून येतली?" प्रश्न एकदम रास्त आहे.

मी त्याला आधी शाळेतलंच काढून दाखवलं. ०.७७७… ह्याचं व्यवहारी अपूर्णांकात रूपांतर त्याने खालच्या वर्गात केलेलं असतं. क्ष मानायचा, दहापट घ्यायची, ७.७७७…, वजा केलं की ९ क्ष बरोबर ७, म्हणजे ७/९. तिथे कोणी भांडत नाही. पण ०.७७७… म्हणजे काय? ७/१० + ७/१०० + ७/१००० आणि असंच पुढे, म्हणजे जीपीच, आर १/१०. आणि आपण केलं काय? ओळ एक घर सरकवली आणि वजा केली. फरक एवढाच की इथे शेवटच नाही, म्हणून ते न आलेलं पुढचं पद उरत नाही, फक्त पहिल्या पदाचा हिशोब उरतो. म्हणून बेरीज ए भागिले (१ − आर). ७/१० भागिले ९/१०, म्हणजे ७/९.

पण पुढचं पद "उरत नाही" हे नुसतं म्हणून चालत नाही, तिथेच खरी शंका असते. १/२ + १/४ + १/८ असं करत जा. दोन पदांनंतर १ व्हायला १/४ कमी, तीन पदांनंतर १/८ कमी, दहा पदांनंतर १/१०२४ कमी. कोणी कितीही बारीक फट सांगू दे, लाखावा हिस्सा म्हणू दे, पुरेशी पदं घेतली की आपण त्या फटीच्या आत जातो आणि नंतर कधी बाहेर येत नाही, आणि १ च्या पलीकडेही जात नाही. बेरीज १ आहे ह्याचा अर्थ एवढाच. कोणी बसून अनंत पदं मिळवत नाही. हे नीट सांगितलं की पोरांचा जीव भांड्यात पडतो, कारण त्यांना वाटत असतं की सर काहीतरी जादू करून अनंत बेरजा उरकतायत.

आणि म्हणूनच आर −१ आणि १ च्या मधे पाहिजे ही अट. अट न बघता १ + २ + ४ + ८ ला सूत्र लावा, १ भागिले (१ − २), उत्तर −१. सगळे धन आकडे मिळवून ऋण उत्तर! हे मी मुद्दाम फळ्यावर करून दाखवतो, हसतात, पण मग अट कोणी विसरत नाही. इथे पुढचं पद मरत नाही, फुगतच जातं, मग त्याला सोडून कसं द्यायचं.

चेंडूचं गणित दरवर्षी कुठे ना कुठे येतंच. ५ मीटरवरून चेंडू सोडला, प्रत्येक टप्प्याला आधीच्या उंचीच्या ६० टक्के उसळतो, थांबेपर्यंत एकूण किती मीटर गेला? पोरं ५ भागिले ०.४ करतात, १२.५ लिहितात आणि पुढच्या गणिताला पळतात. ते फक्त खाली येण्याचं अंतर झालं. वर जाण्याचं राहिलं, ३ + १.८ + पुढे, म्हणजे ३ भागिले ०.४, ७.५. एकूण २० मीटर. पहिल्यांदा चेंडू फक्त खाली येतो, नंतर प्रत्येक उंची दोनदा. चित्र काढल्याशिवाय हे गणित करू देऊ नका.

गुणोत्तर मध्य, म्हणजे दोन संख्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, अगदी थोडक्यात धड्यात येतो, पण त्याची दोन उदाहरणं मला फार आवडतात म्हणून सांगतो. बाजारात झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मशीनवर बघायला सांगा, ए३ वरून ए४ करायचं बटण असतं, त्यावर ७१ टक्के लिहिलेलं असतं. ५० का नाही? कागदाचं क्षेत्रफळ निम्मं होतं पण बाजू निम्म्या होत नाहीत, प्रत्येक बाजू २ च्या वर्गमुळाने भागली जाते, म्हणजे ०.७०७ पट. ए४ ची लांबी २९७ मिमी, रुंदी २१०, भागून बघा १.४१४ येतं, म्हणजे १ आणि २ चा गुणोत्तर मध्य. ए० म्हणजे १ चौरस मीटर, तिथून ए४ पर्यंत चार वेळा निम्मं, म्हणजे १/१६ चौरस मीटर, आणि नेहमीचा ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅमचा, कागद असेल तर एक ए४ बरोबर ५ ग्रॅमचा. पाचशे कागदांचं रीम अडीच किलो.

दुसरं उदाहरण पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं, आमच्याकडे डबलबारी (भजनाचा सामना) ऐकून मोठी झालेली पोरं असतात त्यांना हे लगेच भावतं. तार सप्तकातला सा मधल्या सा च्या दुप्पट कंपनांचा असतो. मधे बारा पायऱ्या, बाजारातल्या पेटीत त्या सारख्या पटीच्या करतात, म्हणजे अशी संख्या जी बारा वेळा गुणली की २ येते, साधारण १.०५९५. म्हणजे सा पासून तार सा पर्यंतच्या पेटीच्या पट्ट्यांची कंपनं ही तेरा पदांची जीपी आहे, पदं तेरा, पायऱ्या बारा. सोयीसाठी सा २४० धरा, तार सा ४८०. ह्या दोघांचा साधा मध्य ३६०, तो शुद्ध पंचम. गुणोत्तर मध्य म्हणजे गुणाकाराचं वर्गमूळ, ३३९.४, तो पेटीवरचा तीव्र मध्यम, बरोबर सहाव्या पायरीवर. आणि हरात्मक मध्य शिकवलेला असेल तर तो येतो ३२०, तो शुद्ध मध्यम. तिन्ही मध्य एका सप्तकात बसलेले. पेटीवरचा पंचम मात्र ३५९.६ येतो, ३६० नाही, कारण बारा सारख्या पायऱ्यांमधली सातवी बरोबर दीडपटीवर पडत नाही, किंचित खाली राहते. तानपुऱ्यावर रियाज करणारे पेटीला नावं का ठेवतात त्यातलं एक कारण हे.

गुणोत्तर मध्यात परीक्षेची एक खोच आहे. ४ आणि ९ चा गुणोत्तर मध्य ६. पण "४, क्ष, ९ जीपीत आहेत तर क्ष काढा" असं विचारलं तर ६ आणि −६ दोन्ही उत्तरं लिहायची, कारण ४, −६, ९ हीसुद्धा जीपीच आहे. आणि तीन पदं जीपीत आहेत, गुणाकार २१६, बेरीज १९, असलं काही आलं तर पदं ए, ए आर, ए आर वर्ग अशी न घेता ए/आर, ए, ए आर अशी घ्यायची. गुणाकारात आर उडून जातो, ए चा घन २१६, ए ६, मग एक वर्गसमीकरण सुटलं की ४, ६, ९. मधून धरायची ही सवय सीईटीला वेळ वाचवते.

पेपरात लिहिताना अनंत बेरीज वापरायच्या आधी आर चं मूल्य आणि ते −१ आणि १ च्या मधे आहे हे एक वाक्य लिहायचंच, तपासणारे ते शोधतात. ओळ जीपी आहे असं दाखवायचं असेल तर एकच गुणोत्तर काढून थांबायचं नाही, ओळीने दोन-तीन काढून सारखी आहेत हे दाखवायचं. बाकी अक्षर आणि खाडाखोड, ते तुम्ही आई म्हणून बघालच.

आणि आठवड्याच्या शेवटी त्याला हे एक गणित घाला, सूत्र न सांगता. मालवणला स्कुबाला गेलेला माणूस पाण्यात खाली जातोय, समजा प्रत्येक मीटरला आदल्या उजेडाच्या १० टक्के उजेड कमी होतो, तर वरच्या उजेडाच्या निम्म्याहून कमी उजेड कितव्या मीटरला होईल? ०.९ ने गुणत गेलं की सहाव्या मीटरला ०.५३१ आणि सातव्याला ०.४७८ येतं, म्हणजे सातव्या. तो जर पटकन "सहाव्या" म्हणाला तर समजा अजून मनात १० वजा करत चाललाय, टक्क्यांचं गुणकात रूपांतर पुन्हा एकदा करून घ्या आणि मगच बेरजेकडे जाऊ द्या.